शस्त्रक्रियोत्तर जंतुसंसर्ग : तज्ञाची साक्ष

शस्त्रक्रियेनंतर रुग्णास झालेला जंतुसंसर्ग शल्यचिकित्सकाच्या वा रुग्णालयाच्या निष्काळजीपणामुळे उद्‌भवला, असा आरोप असलेल्या दाव्यात त्या विषयाच्या जाणकार वैद्याने न्यायालयापुढे मांडलेले साधार मत म्हणजे तज्ञाची साक्ष होय. सामान्य साक्षीदाराने पाहिलेले वा ऐकलेले तेवढेच सांगावयाचे असते. मत देण्याची मुभा तज्ञास असते. ही तरतूद भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या ४५ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या ३९ व्या कलमाने घेतली [⟶ न्यायवैद्यक].

जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जंतुरोधक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली, तोपर्यंत जखमेत पू होणे हे जवळजवळ अटळ मानले जाई. आज तसे मानले जात नाही. तथापि संसर्ग झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असेही म्हणता येत नाही. बहुतेक जंतू रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरील वा आतड्यातील असतात आणि मधुमेह, कुपोषण, धूम्रपान यांमुळे संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून तज्ञास दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : काळजीच्या मान्य पातळीत उणीव राहिली काय, आणि त्या उणिवेमुळेच हानी झाली काय. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले, तरी दुसऱ्यापाशी अनेक दावे अडतात.

या उत्तरांसाठी तज्ञाची भिस्त मुख्यतः कागदपत्रांवर असते. वाफेच्या दाबाखाली १२१° से. तापमानास किमान १५ मिनिटे उपकरणे ठेवल्याची नोंद, प्रतिजैविक औषध छेद घेण्यापूर्वी साधारणतः तासाभरात दिले काय, बोळे व फडकी यांची मोजदाद, तापाचा तक्ता आणि पुवाच्या संवर्धनाचा अहवाल तो तपासतो. संसर्गाची वेळही बोलकी असते. पहिल्याच दिवशी आलेला ताप बहुधा जखमेतील संसर्गाचा नसतो. तो सामान्यतः चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागतो. दुर्बिणीच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी अनेक रुग्णांच्या जखमांत एकाच प्रकारचे मायकोबॅक्टिरियम आढळले, तर संशय उपकरणांच्या निर्जंतुकीकरणावर किंवा ती धुण्याच्या पाण्यावर जातो.

महाराष्ट्रातील ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला या संदर्भात महत्त्वाचा आहे. औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात १० जुलै १९६३ रोजी एक स्त्री प्रसूत झाली व १३ जुलैस तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप व तीव्र वेदना सुरू झाल्या. १९ जुलैस पोट पुन्हा उघडले असता आत रक्त टिपण्याचे फडके व पू आढळला. २४ जुलैस ती मरण पावली. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भरपाई पुन्हा कायम केली. तेव्हा घटनेला तेहतीस वर्षे लोटली होती. मृत्यू दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे झाला असे गृहीत धरले, तरी ती करण्याची वेळ पहिलीनंतर झालेल्या पर्युदरशोथामुळेच आली, असे न्यायालयाने म्हटले. पोटात फडके राहणे ही गोष्टच इतकी स्पष्ट होती की, ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व तिला लागू पडले. इतकी उघड वस्तू बहुतेक संसर्गांत सापडत नाही आणि तेथेच तज्ञावाचून चालत नाही.

इंग्‍लंडमधील बोलम खटल्यात (१९५७) घालून दिलेली कसोटी, म्हणजे जबाबदार वैद्यांच्या एका गटास मान्य असलेल्या पद्धतीने वागणारा वैद्य दोषी नव्हे, ही सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) स्वीकारली. फौजदारी कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असेही त्यात सांगितले. मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रकरणात मूत्रपिंडविकाराच्या रुग्णास संसर्गावर ॲमिकासिन दिल्यानंतर बहिरेपणा आल्याची तक्रार होती. तीत वैद्याच्या बाजूने निर्णय देताना न्यायालयाने (२००९) ग्राहक मंचांनीही आधी तज्ञाचे मत घ्यावे, असा दंडक घातला. तो सरसकट पाळल्यास तक्रारदाराची वाटच बंद झाली असती. २०१० च्या व्ही. किशन राव खटल्यात, प्रत्येक प्रकरणी तज्ञ आवश्यक नाही, असे ठरले.

व्यवहारात खरी अडचण साक्षीदार मिळण्याची आहे. त्याच शहरातील वैद्य सहव्यावसायिकाविरुद्ध बोलण्यास सहसा तयार नसतात, आणि रुग्ण तर शस्त्रक्रियेच्या वेळी बेशुद्ध असतो. तज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते. उलटतपासणीत त्याची कारणे टिकली, तरच त्यास वजन येते. ती कारणे नोंदींवर उभी असल्याने २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांतील तरतूद रुग्णाच्या दृष्टीने मोलाची आहे : आंतररुग्णाच्या नोंदी उपचारास प्रारंभ झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात.