पक्ष आणि अपक्ष

जत्रेतील रथ एकट्याने हलत नाही. अनेक हातांनी दोर ओढला म्हणजे तो चालू लागतो. राज्यकारभाराचेही असेच आहे. समान विचारांची माणसे एकत्र येतात, तेव्हा पक्ष निर्माण होतो. पक्षामुळे एकट्याच्या मताला अनेकांचे बळ लाभते. मात्र त्याबरोबर पक्षाची शिस्तही पाळावी लागते.

काहींना ही शिस्त आपल्या विवेकाला जाचक वाटते. असे लोक अपक्ष राहतात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३७ जागा अपक्षांनी जिंकल्या. अपक्षाला मोकळेपणा असतो. परंतु सभागृहात त्याच्या पाठीशी कोणी असेलच असे नाही.

कधी कर्तव्यच माणसाला पक्षाबाहेर नेते. १९६७ साली नीलम संजीव रेड्डी लोकसभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी आपल्या पक्षाचे सदस्यत्व सोडले. अध्यक्षाने सर्व सदस्यांना समदृष्टीने वागवावे लागते, हे त्यांनी जाणले होते.

पक्ष स्वीकारावा की अपक्ष राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. तो निर्णय भीतीने वा लोभाने नव्हे, तर विचाराने व्हावा, यातच लोकशाहीचे हित आहे.