मिक्सरवरील सुई नेमके काय सांगते?

प्रचारसभा असो, पत्रकार परिषद असो वा शास्त्रीय संगीताची मैफल. व्यासपीठावर उच्चारलेला शब्द श्रोत्यांच्या कानी पडण्यापूर्वी बहुधा एका मेजावरून जातो. सभागृहाच्या मागील बाजूस, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगांजवळ मांडलेले, असंख्य खुंट्या, सरकपट्ट्या आणि लुकलुकणारे दिवे असलेले हे उपकरण म्हणजे ऑडिओ मिक्सिंग कन्सोल, व्यवहारातला 'मिक्सर'. कार्यक्रम नीट पार पडला, तर त्याची आठवणही कोणाला होत नाही. माइकने शिट्टी मारली की मात्र सगळ्या माना एकदम मागे वळतात.

पत्रकार परिषदेत वाहिन्यांचे कॅमेरे आणि रेडिओचे ध्वनिमुद्रक अनेकदा याच मिक्सरमधून आवाज घेतात. तेथे फाटलेला आवाज फाटलेलाच सर्वत्र पोहोचतो आणि नंतर कोणत्याही संगणकावर तो पूर्ववत सांधता येत नाही. मिक्सरवरील कळांचा क्रम आणि त्यावरील मीटरचा अर्थ समजून घेणे हे केवळ ध्वनितंत्रज्ञांचे काम राहत नाही, ते यामुळेच. शाळेचे स्नेहसंमेलन, गृहनिर्माण संस्थेचा गणेशोत्सव वा गावातील कीर्तन सप्ताह येथे हे मेज बहुतेकदा एखाद्या उत्साही स्वयंसेवकाच्या हाती असते.

मिक्सर प्रथमदर्शनी भयावह वाटतो, तो त्यावरील खुंट्यांच्या संख्येमुळे. प्रत्यक्षात एकच उभी पट्टी पुन्हा पुन्हा शेजारी मांडलेली असते. एक माइक, एक पट्टी. या पट्टीस चॅनेल म्हणतात. सोळा चॅनेलच्या मिक्सरवर एक चॅनेल समजला की उरलेले पंधरा आपोआप समजतात. पट्टी वरून खाली वाचावी, कारण ध्वनीचा विद्युत संकेत साधारण त्याच क्रमाने प्रवास करतो.

सर्वांत वरची खुंटी 'गेन'ची. तिला 'ट्रिम' असेही नाव असते. साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून बोलल्यास त्यातून जेमतेम काही मिलिव्होल्ट इतका संकेत निघतो. मिक्सरच्या आतील मंडले मात्र सुमारे सव्वा व्होल्टच्या संकेतावर काम करण्यासाठी घडवलेली असतात. म्हणजे संकेत सुमारे हजारपट वाढवावा लागतो. डेसिबलच्या भाषेत ही वाढ 60 डेसिबल होते. हे काम गेन करतो. तो कमी ठेवला, तर पुढे कोठेतरी आवाज वाढवावा लागतो आणि त्याबरोबर उपकरणांची खरखरही वाढते. तो जास्त ठेवला, तर संकेताचे शेंडे मंडलाच्या मर्यादेवर आपटून सपाट होतात. 'आवाज फाटला' असे म्हणतात ते यालाच.

गेनच्या आसपास आणखी काही बटणे आढळतात. 48 व्होल्ट असे लिहिलेले बटण कंडेन्सर माइकला त्याच तारेतून वीज पुरवते. ते दाबताना चॅनेल बंद नसेल, तर स्पीकरमधून दणका बसतो. दुसरे बटण खालच्या पट्टीतील ध्वनी कापणाऱ्या गाळणीचे. ही गाळणी बहुधा 80 किंवा 100 हर्ट्झच्या खालील गुरगुर, पंख्याचा घोंघाट आणि माइकच्या दांड्याला लागलेला धक्का गाळून टाकते. भाषणासाठी ती चालू ठेवणे जवळजवळ नेहमीच हिताचे. मैफलीत मात्र विचार करावा लागतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे 138 हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 69 हर्ट्झवर वाजते. तानपुऱ्याच्या माइकवर 100 हर्ट्झची गाळणी लावली, तर खर्जाचा मूळ स्वरच क्षीण होतो आणि वरची झणत्कारी छटा तेवढी उरते. डग्ग्याच्या घुमाऱ्याचीही तीच गत.

त्याखाली ईक्यू, म्हणजे खर्ज, मध्य आणि तार या पट्ट्यांतील ध्वनी कमी-अधिक करणाऱ्या खुंट्या. नवखा हात येथे सर्वाधिक रमतो आणि येथेच सर्वाधिक बिघडवतो. शब्द स्पष्ट येत नसतील, तर तारपट्टी वाढवण्याऐवजी खालचा बोजड भाग कमी करून पाहावा. अनेकदा तेवढ्याने भागते. माइक तोंडापासून दूर असेल, तर ईक्यूच्या कोणत्याही खुंटीने त्याची भरपाई होत नाही.

गायकाला काय ऐकू येते

मैफलीच्या पहिल्या दहा मिनिटांत गायक वा साथीदार मागे पाहून बोट वर-खाली करताना दिसतात. ती खूण असते व्यासपीठावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरसाठी. या स्पीकरकडे जाणारा आवाज 'ऑक्स' नावाच्या खुंट्यांमधून जातो. प्रत्येक ऑक्स म्हणजे एक स्वतंत्र छोटा मिक्सर होय. सभागृहात तबला कमी आणि गायकाच्या मॉनिटरमध्ये तो अधिक, असे त्यामुळे शक्य होते.

ऑक्सचे दोन प्रकार ओळखणे अगत्याचे असते. पहिला सरकपट्टीच्या आधी संकेत उचलतो. त्यास प्री-फेडर म्हणतात. दुसरा सरकपट्टीच्या नंतर उचलतो, तो पोस्ट-फेडर. मॉनिटरसाठी पहिला प्रकार योग्य ठरतो, कारण सभागृहातील आवाज कमी-अधिक केला तरी कलावंताच्या कानावरचा तोल ढळत नाही. प्रतिध्वनीचा परिणाम देणाऱ्या यंत्रासाठी दुसरा योग्य. अन्यथा गाणे बंद केल्यावरही त्याची गूंज मागे रेंगाळते.

गेन मात्र या सर्वांच्या आधी येतो. रंगलेल्या मैफलीत कोणी गेनची खुंटी फिरवली, तर सभागृह, मॉनिटर आणि ध्वनिमुद्रण हे सारे एकाच वेळी बदलते. सभागृहात आवाज थोडा वाढवायचा होता आणि मॉनिटर शिट्टी मारू लागला, या नेहमीच्या अपघाताचे मूळ बहुधा येथेच सापडते.

ही शिट्टी, म्हणजे फीडबॅक, हे काही यंत्राचे बंड नव्हे. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा स्पीकरमधून निघतो. एखादा स्वर प्रत्येक फेरीत कमी होण्याऐवजी वाढू लागला, की तोच एक स्वर किंचाळतो. उपाय बहुधा मिक्सरवर नसतो. माइक आणि तोंड यांतील अंतर निम्मे केले, तर माइकमध्ये शिरणारा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि तेवढा गेन कमी करता येतो. अनेक वक्ते माइकची जाळी मुठीत धरतात. तसे केल्याने मागच्या बाजूचा आवाज टाळण्याचा माइकचा गुणच नाहीसा होतो. परिसंवादात आठही वक्त्यांचे माइक अखंड चालू ठेवण्याची प्रथाही अशीच महागात पडते. चालू माइकची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपूर्वी उपलब्ध असलेली मोकळीक सुमारे 3 डेसिबलने घटते. आठ माइकना 9 डेसिबल गमवावे लागतात. जो बोलत नाही त्याचे 'म्यूट' बटण दाबणे, हा ध्वनिव्यवस्थेतील सर्वांत स्वस्त सुधार होय.

पॅनची खुंटी आवाज डावीकडे वा उजवीकडे सरकवते. सार्वजनिक सभेत ती मध्यावर ठेवणेच उत्तम. पट्टीच्या तळाशी असते ती सरकपट्टी, म्हणजे फेडर. तिच्यावरील 0 ही खूण तळाशी न छापता बरीच वर छापलेली असते, याचे अनेकांना नवल वाटते. येथे 0 म्हणजे शांतता नव्हे. आलेला संकेत न वाढवता, न घटवता पुढे पाठवणे. शांततेची खूण तळाशी अनंताच्या चिन्हाने दाखवलेली असते. 0 च्या आसपास पट्टीवरील अंतरे मोकळी असल्यामुळे एखाद्या डेसिबलचा फरकही बोटाने करता येतो. तळाजवळ तितक्याच हालचालीने वीस-तीस डेसिबलची उडी पडते. म्हणून गेन असा लावावा की फेडर 0 च्या परिसरात राहील.

एक आवाज, तीन आकडे

गेन योग्य लागला की नाही, हे कानापेक्षा मीटर अधिक खात्रीने सांगतो. त्यासाठी चॅनेलवरील 'पीएफएल' किंवा 'सोलो' बटण दाबतात. बहुतेक मिक्सरवर तसे केल्यास मुख्य मीटर सर्वांचा एकत्रित संकेत दाखवणे थांबवून फक्त त्या चॅनेलचा दाखवू लागतो. हे बटण चुकून दाबलेले राहिले, तर सभागृहात आवाज दणदणत असताना मीटर निश्चल दिसतो आणि चालक गोंधळून जातो.

मीटरचे आकडे वाचताना खरा घोटाळा होतो तो शून्यावरून. सुईचा व्हीयू मीटर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा आणि एनबीसी व सीबीएस या प्रसारण संस्थांनी मिळून विकसित केला आणि 1939 मध्ये तो प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. त्यावरील 0 म्हणजे व्यावसायिक उपकरणांत सामान्यतः 1.23 व्होल्टचा संकेत. या सुईला आपल्या जागी पोहोचण्यास सुमारे 300 मिलिसेकंद लागतात. हा संथपणा हेतुपुरस्सर आहे. त्यामुळे सुई कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाच्या जवळ राहते. परंतु तबल्याच्या चाटीवरील थाप काही मिलिसेकंदांत शिखर गाठून ओसरते. सुई जागची हलेपर्यंत ती निघून गेलेली असते. सुई शून्याच्या खूप खाली डुलत असतानाही तबला फाटू शकतो, तो असा.

ही उणीव ओळखून युरोपातील प्रसारण संस्थांनी शिखरमापक, म्हणजे पीक मीटर पसंत केला. बीबीसीत त्याचा वापर 1930 च्या दशकापासूनचा आहे. तो झटकन चढतो आणि सावकाश उतरतो, जेणेकरून डोळ्यास शिखर टिपता यावे. आजच्या मिक्सरवरील हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या दिव्यांची रांग बहुधा याच कुळातली असते.

डिजिटल मिक्सरवर शून्याचा अर्थच पालटतो. तेथे 0 ही कमाल मर्यादा असते. त्यापुढे दाखवण्यास आकडाच उरत नाही आणि संकेत करवतीने कापावा तसा कापला जातो. म्हणून नेहमीचा आवाज तेथे उणे 18 ते उणे 20 च्या आसपास ठेवून वरची जागा अचानक येणाऱ्या हुंकारासाठी वा टाळ्यांसाठी राखली जाते. सुईवर ज्याला 0 म्हणतात, तोच संकेत अमेरिकी प्रघातानुसार डिजिटल मीटरवर उणे 20 आणि युरोपीय प्रघातानुसार, संदर्भपातळी किंचित वेगळी असली तरी, उणे 18 च्या जवळ दिसतो. जुन्या मिक्सरवर हात बसलेला चालक नव्या यंत्रावर उणे 20 पाहतो, आवाज कमी आहे असे समजून गेन वाढवतो आणि मुद्रण वाया घालवतो.

या दोन्ही मापकांना आणखी एक गोष्ट जमत नाही: माणसाला आवाज किती मोठा भासतो, हे सांगणे. दोन ध्वनींचे शिखर सारखे असूनही एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा वाटू शकतो. दूरचित्रवाणीवर मालिका संपून जाहिरात लागताच हात रिमोटकडे जातो, तो याच फरकामुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये भासमान तीव्रता मोजण्याची पद्धत निश्चित केली आणि 2010 मध्ये युरोपीय प्रसारण संघाने कार्यक्रमांसाठी उणे 23 एलयूएफएस ही पातळी सुचवली. भारतातही केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मध्ये जाहिरातींचा आवाज अवाजवी मोठा नसावा, अशी तरतूद आहे.

मेजावरचे डेसिबल आणि रस्त्यावरचे डेसिबल

दरवर्षी उत्सवाच्या दिवसांत 'आमचा मीटर तर शून्याच्या वर गेलाच नाही' असा युक्तिवाद ऐकू येतो. तो तांत्रिकदृष्ट्या निरर्थक आहे. मिक्सरवरील मीटर यंत्रातील विद्युत संकेत मोजतो, हवेतील आवाज नव्हे. त्याच शून्यावर, जोडलेल्या ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या ताकदीनुसार, समोरच्या श्रोत्याला 70 डेसिबल ऐकू येऊ शकतात किंवा 110. कायदा मोजतो तो दुसरा आकडा.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे 50 आणि 40 आहे. ध्वनिवर्धक वापरल्या जाणाऱ्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने अधिक किंवा 75 डेसिबल, यांपैकी जो कमी असेल त्याहून जास्त असू नये, असे नियम सांगतात. बंदिस्त सभागृहासारखे अपवाद वगळता रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धकास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून कमाल 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

डेसिबलची मोजपट्टी बेरजेची नसून गुणाकाराची असल्याने हे आकडे फसवे वाटतात. 3 डेसिबलची वाढ म्हणजे ॲम्प्लिफायरची दुप्पट शक्ती, तर 10 डेसिबलची म्हणजे दहापट. कानाला मात्र ती दहापट वाढ जेमतेम दुप्पट भासते. कानाच्या सहनशक्तीचे गणितही याच पट्टीवर चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसता येतो आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मनोरंजनस्थळांसाठी जाहीर केलेल्या मानकातही पंधरा मिनिटांच्या सरासरीत 100 डेसिबल ही कमाल मर्यादा ठेवली असून, आवाजाची पातळी सतत मोजण्यास सांगितले आहे.

या मोजणीसाठी ध्वनिपातळी मापक हे वेगळे हातातले यंत्र लागते आणि ते श्रोत्यांच्या जागी, तसेच मंडपाच्या सीमेवर धरून पाहावे लागते. कार्यक्रमापूर्वीच्या चाचणीत सीमेवर मर्यादा गाठली जाते त्या क्षणी मिक्सरच्या मुख्य फेडरची जागा कागदी चिकटपट्टीने खूण करून ठेवता येते. मात्र ती खूण त्याच जागेपुरती आणि त्याच जोडणीपुरती खरी असते. ॲम्प्लिफायरची खुंटी कोणी फिरवली वा आणखी एक स्पीकर जोडला, की मोजणी पुन्हा करावी लागते.