बॉयलर बंद पडतो, पण बंद कोण करतं? लाँड्रीतल्या वाफेचं तर्कशास्त्र

तर्कशास्त्राच्या व्याख्यानमालेत लाँड्रीचा बॉयलर कुठून आला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. कारण शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा आपला विषय आहे. ते बॉयलरच्या खोलीत जितकं स्वच्छ दिसतं, तितकं पुस्तकात क्वचितच दिसतं. शिवाय तिथे चूक झाली तर नुसते गुण जात नाहीत, माणसं जातात.

हॉस्पिटलची किंवा मोठ्या हॉटेलची लाँड्री डोळ्यांसमोर आणू. धुण्याचं पाणी तापवायला, ड्रायरला, चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरला, सगळ्यांना वाफ लागते. ती देणारा बॉयलर, सरकारी मराठीत बाष्पक, दर दोन-तीन मिनिटांनी पेटतो आणि विझतो. याला शॉर्ट सायकलिंग म्हणतात. यात नुकसान काय? प्रत्येक वेळी पेटण्याआधी बर्नरचा पंखा आतले उरलेले वायू बाहेर काढायला थंड हवा फिरवतो. ती हवा तापलेल्या बॉयलरमधली उष्णता घेऊन चिमणीतून निघून जाते. म्हणजे इंधन जळतं ते आकाश तापवायला! आणि सतत तापून थंड झाल्यानं धातूवर ताण येतो तो वेगळाच.

आता पहिला प्रश्न. 'बॉयलर बंद का पडतो?' हा नव्हे. 'बॉयलर बंद कोण केला?' हा. थांबणं दोन प्रकारचं असतं. एक, काम झालं म्हणून थांबणं: दाब पुरेसा झाला आणि प्रेशर स्विचनं बर्नर विझवला. दुसरं, धोका दिसला म्हणून थांबणं: पाणी कमी झालं, ज्योत दिसेना, चिमणीची ओढ बिघडली. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण पहिल्यात बर्नर आपोआप पुन्हा पेटतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा लाल दिवा लागतो आणि रिसेट दाबावं लागतं.

पहिल्या प्रकारापासून सुरुवात करू. बॉयलर मोठा आणि वाफेची मागणी लहान असेल, तर दाब झटकन चढतो, झटकन उतरतो. किंवा स्विच ज्या दाबाला बंद करतो आणि ज्या दाबाला चालू करतो, त्यांतलं अंतर फार कमी ठेवलेलं असतं. तिसरी शक्यता नेहमी नजरेतून सुटते. प्रेशर स्विचच्या आधी वाकवलेली एक बारीक नळी असते, तिला सायफन म्हणतात. ती गाळानं तुंबली की स्विचला खरा दाब वेळेवर कळतच नाही. मग आपण स्विच बदलतो, नवा स्विचही तसाच वागतो. साक्षीदार खरंच बोलत असतो हो, त्याच्यापर्यंत बातमीच उशिरा पोचते.

दुसरा प्रकार जास्त गंभीर. समजा, सकाळी बॉयलर नीट चालतो आणि दुपारी सगळे ड्रायर लागले की बंद पडतो. सरळ निष्कर्ष: भार झेपत नाही, बॉयलर लहान आहे. पण थांबा. नैयायिकांचं धूर आणि अग्नीचं उदाहरण आठवा. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. त्याला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. इथे उपाधी कोणती?

ड्रायर दोन गोष्टी एकदम करतो. वाफ ओढतो आणि हवाही ओढतो. मोठा ड्रायर मिनिटाला हजार घनफुटांच्या आसपास हवा बाहेर फेकतो. ती हवा कुठून तरी आत आली पाहिजे. दारं-खिडक्या बंद असतील आणि बॉयलर त्याच हवेवर जगत असेल, तर ती चिमणीतून उलटी आत येते. म्हणजे धूर बाहेर जाण्याऐवजी खोलीत शिरतो. पंख्याच्या बर्नरलाही हवा अपुरी पडते, ज्योत बिघडते, काजळी धरते. त्यात कपड्यांची तूस हवेच्या वाटा बुजवते.

मग वाफ की हवा, हे ठरवायचं कसं? अन्वय-व्यतिरेकानं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळे ड्रायर चालू ठेवून बॉयलरच्या खोलीचं बाहेरचं दार उघडा. बंद पडणं थांबलं, तर दोष हवेचा. नंतर ड्रायरची वाफ बंद करून नुसते पंखे फिरवा. तरीही बॉयलर बंद पडला, तर शंका उरत नाही. उलट, दार उघडूनही फरक नाही आणि वाफ एकदम ओढली की गेज ग्लासमधलं पाणी उसळतं, फेसाळतं, असं दिसलं तर पाण्याकडे वळा: क्षार साचलेत का, ब्लोडाउन वेळेवर होतो का. हे प्रयोग प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंटला सोबत घेऊन आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा मीटर ठेवूनच करायचे.

'व्हेंट' हा शब्दही इथे फसवतो. चिमणी हा एक व्हेंट. दुसरा, वाफेच्या नळीतली हवा बाहेर सोडणारा. 7 बार गेज दाबाची शुद्ध वाफ सुमारे 170 अंश सेल्सिअस असते. तिच्यात पाव भाग हवा मिसळली, तर काटा 7 बारच दाखवतो, पण तापमान 159 च्या आसपास येतं. चादर ओली निघते आणि दोष बॉयलरला लागतो. तिसरा व्हेंट परत येणाऱ्या पाण्याच्या टाकीवरचा. तिथून वाफेचा लोट सतत निघत असेल, तर कुठला तरी स्टीम ट्रॅप उघडाच अडकलाय का, ते आधी तपासा. तक्रार 'व्हेंटिंगची', पण खोल्या तीन.

शेवटची गोष्ट. काम अडलंय म्हणून तार जोडून सेफ्टी स्विच बायपास करणं, हे आपल्याकडे सर्रास 'जुगाड' म्हणून खपतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाचं डोकं दुखतं, तो ते उकाड्यावर ढकलतो. तो स्विच त्याच्या वतीनं बोलत असतो. पुन्हा पुन्हा रिसेट दाबणं म्हणजे तोच प्रश्न विचारत राहणं आणि उत्तर न ऐकणं. तेव्हा रिसेटला हात लावण्याआधी एका वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजले, कोणता दिवा लागला, त्या वेळी काय काय चालू होतं. आठवडाभरात ती वहीच सांगायला लागेल, बॉयलर कोण बंद करतंय ते.