पवनचक्कीची चार दशके

वर्ध्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही समुद्रातल्या पवनचक्कीची रचना हा वर्धेकरांचाही प्रश्न आहे, कारण महावितरण ज्या दराने वीज विकत घेते, तो दर अखेर हिंगणघाटच्या जिनिंगच्या आणि आर्वीतल्या घराच्या बिलात उतरतो. 1986 मध्ये रत्नागिरीत 55 किलोवॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर 350 किलोवॅटची यंत्रे आली, आणि आज पुण्याच्या सुझलॉनचे यंत्र 3.15 मेगावॅटचे आहे. या प्रवासात यंत्र स्वस्त झाले नाही, युनिट स्वस्त झाले. समुद्रात तर हे अधिकच खरे ठरते, कारण तिथे पाया, केबल आणि जहाजाचे भाडे यंत्राइतकेच भारी पडते. डेन्मार्कमधल्या विंडेबी या 1991 सालच्या पहिल्या सागरी प्रकल्पात 450 किलोवॅटची 11 यंत्रे होती. त्या मापाने 1,000 मेगावॅट उभारायचे तर सव्वादोन हजार पाये घालावे लागतील. 15 मेगावॅटच्या यंत्रांना 67 पुरतात.

पण नुसते आकारमान वाढवून आपले भागणार नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्के घटला की ऊर्जा सत्तावीस टक्के घटते. सागरी पवनचक्क्यांसाठी निवडलेल्या गुजरातच्या किनाऱ्यावरचा वारा उत्तर समुद्राहून मंद आहे, म्हणून आपल्याला जनित्रापेक्षा पाती मोठी हवीत. जमिनीवर आपण हे करून दाखवले आहे. विंडेबीच्या यंत्रात पात्यांच्या फेऱ्यातल्या प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे 470 वॅटचे जनित्र होते; सुझलॉनच्या 144 मीटर व्यासाच्या यंत्रात ते 195 वॅटच्याही खाली आहे. युरोपचे यंत्र जसेच्या तसे आणणे म्हणूनच मला चुकीचे वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लांब पात्यांवर वादळाचा भार अधिक पडतो, आणि मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. त्यामुळे मनोरा आणि पाया भक्कम करावा लागेल, खर्चही वाढेल. मात्र तो खर्च एकदाचा असतो, तर मंद वाऱ्यातली तूट पंचवीस वर्षे रोज सोसावी लागते. केंद्राने जून 2024 मध्ये सागरी पवनऊर्जेसाठी 7,453 कोटी रुपयांची अनुदान योजना मंजूर केली. अनुदानाने दरातली तफावत भरून निघते, मूळ खर्च कमी होत नाही. या पैशातला काही भाग मंद वारा आणि चक्रीवादळ दोन्ही पेलणाऱ्या यंत्राच्या चाचणीसाठी सरकारने राखून ठेवावा.