ग्रामीण भागातील स्थानिक कार्यक्रम, संवाद आणि सर्वसमावेशकता : साखरा (जि. हिंगोली) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. 'गाव' हा शब्द एकवचनी असला तरी मराठवाड्यातील गाव एकजिनसी नसते. गावठाण, दलित वस्ती, तांडा, शेतातील आखाडे अशी त्याची विभागणी असते; त्यात जमीनधारक शेतकरी, सालगडी आणि ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारे मजूर असे भिन्न हितसंबंधांचे गट नांदतात. या सर्वांना जोडणारे साधन म्हणून सण, उत्सव व सभा यांकडे पाहिले जाते. मात्र कार्यक्रमास उपस्थित असणे आणि गावाच्या निर्णयात वाटा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीतून दुसरी कशी साध्य होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्सव : एकत्र येण्याची जागा

अखंड हरिनाम सप्ताह हा या भागातील प्रमुख सामूहिक उपक्रम होय. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. पहारे वाटून घेतले जातात. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन आणि शेवटी काला व महाप्रसाद असा त्याचा क्रम असतो. वर्गणी, धान्य आणि श्रम गावातूनच उभे राहतात. अनेकांची शिदोरी एकत्र कालवणे हा काल्याचा मूळ अर्थ समावेशकतेचाच आहे.

तथापि सप्ताहाची समावेशकता मंडपातील गर्दीवरून ठरविता येत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. नियोजनाच्या बैठकीस कोणत्या वस्तीतील माणसे बोलावली जातात? वीणा व पहारा कोणाकडे येतो? स्वयंपाकात राबणाऱ्या स्त्रियांना खर्चाविषयी मत मांडता येते काय? या उत्तरांवरून उत्सव गावाचा आहे की गावातील काही घरांचा, हे स्पष्ट होते.

परंपरेची शिकवण आणि तिची मर्यादा

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने शीख भाविकांनाही हे स्थान वंदनीय आहे. नामदेवांच्या संतमेळ्यात जनाबाई, गोरोबा, सावता, चोखोबा असे विविध जातींचे संत एकत्र आले. परंतु कीर्तनात सामावलेल्या चोखोबांच्या समाजाला मंदिराचे दार शतकानुशतके बंदच राहिले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले; तत्पूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत तयार केले होते. पुढे १९७० च्या दशकात बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' या चळवळीद्वारे समतेचा प्रश्न गावाच्या विहिरीवर नेला. भक्तीतील समता व्यवहारात आपोआप उतरत नाही. तिच्यासाठी अवघड प्रश्नावर उघड बोलावे लागते, हेच या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

ग्रामसभा : संवादाचे वैधानिक व्यासपीठ

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस मात्र ही अट लागू राहत नाही. परिणामी थोड्या लोकांच्या उपस्थितीत संपूर्ण गावाचे ठराव संमत होऊ शकतात.

वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २६ जानेवारीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू असतो आणि स्थलांतरित कुटुंबे गावाबाहेर असतात. घरकुल, पाणी किंवा रोजगार हमीच्या कामांचा निर्णय त्यांच्या अनुपस्थितीत झाला, तर ज्यांची गरज सर्वाधिक त्यांचेच म्हणणे नोंदले जात नाही. असे विषय ही कुटुंबे परतल्यानंतरच्या सभेत घेणे आणि सभेपूर्वी वस्तीनिहाय बैठका घेणे, हे खर्चाविना शक्य असलेले उपाय आहेत. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनेही बांध, वाटा व वाटणीचे तंटे गावातच सामोपचाराने मिटविण्यावर भर दिला. मात्र तडजोड दुर्बल पक्षाच्या मौनावर उभी असेल, तर तंटा मिटत नाही, तो केवळ दबतो.

महाविद्यालयांची भूमिका

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरामुळे महाविद्यालय गावाशी थेट जोडले जाते. श्रमदान व व्याख्याने यांसोबत दररोज सायंकाळी एका वस्तीत बैठक ठेवता येईल. तेथे विद्यार्थ्यांनी भाषण न करता ऐकावे, कोण बोलले व कोण गप्प राहिले याची नोंद करावी आणि पुढे आलेले प्रश्न ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावेत. त्या प्रश्नांचे पुढे काय झाले, हे पुढील वर्षीच्या शिबिरात तपासावे. बाहेरून आलेल्या व्यक्तीसमोर काही गोष्टी सहज बोलल्या जातात. तथापि बोलणाऱ्यास नंतर त्रास होणार नाही, याची काळजी घेणे ही प्राध्यापकांची जबाबदारी ठरते.

समारोप

कार्यक्रम माणसांना एका जागी आणतात. त्यांना परस्परांशी जोडण्याचे काम संवाद करतो. साखऱ्यासारख्या गावांत सप्ताह, ग्रामसभा, शिबिर ही साधने नव्याने निर्माण करावी लागत नाहीत. त्यांतील नियोजनाची बैठक, सभेची तारीख आणि बोलण्याची संधी यांची फेरमांडणी तेवढी करावी लागते. काल्यात प्रत्येकाची शिदोरी असते. निर्णयातही प्रत्येकाचा शब्द असावा, हीच सर्वसमावेशकतेची साधी कसोटी होय.