ईयोबाचा ‘पश्चात्ताप’: दोन हिब्रू क्रियापदे आणि पुनःस्थापनेचा अर्थ

हिब्रू धर्मग्रंथांत दुःखभोग, पश्चात्ताप आणि पुनःस्थापना यांची एक ठरीव साखळी आढळते. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या 30व्या अध्यायात ती सूत्ररूपाने येते. आज्ञाभंगामुळे परागंदा झालेले इस्राएल मनःपूर्वक परमेश्वराकडे वळले, तर परमेश्वरही त्याचे दिवस पालटवील, असे हे सूत्र आहे. या दोन्ही क्रियांसाठी ‘शूव’ (वळणे, परतणे) हे एकच क्रियापद योजले आहे. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचा विध्वंस केला. त्यानंतरच्या बंदिवासात या सूत्राने लोकांना आपत्तीचा अर्थ दिला आणि परतीची आशाही दिली.

परंतु हेच सूत्र उलट बाजूने वाचले, की दुःखी मनुष्य पापी ठरतो. ‘ईयोब’ या ग्रंथाचा संघर्ष या उलट वाचनाशी आहे. अखेरीस मात्र ईयोब पश्चात्ताप करतो आणि त्याचे वैभव त्याला परत मिळते, असाच बहुतेक वाचकांचा समज असतो. तो खरा मानल्यास ग्रंथ ज्या सूत्राला आव्हान देतो त्यालाच शेवटी शरण जातो, असे म्हणावे लागेल. ही विसंगती मूळ संहितेतील आहे की अर्थांतरणातून उद्भवलेली आहे, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

1. ‘विनाकारण’ दुःख आणि मित्रांचा उपदेश

ग्रंथाचे 42 अध्याय असून आरंभी व अखेरीस गद्य कथा आणि मध्ये विस्तृत पद्य संवाद अशी त्याची रचना आहे. ईयोब निर्दोष आहे, हे पहिल्याच वाक्यात निवेदक सांगतो. तो ‘खिन्नाम’, म्हणजे काही लाभावाचून, देवाचे भय धरतो काय, असा सैतानाचा प्रश्न आहे. दुसऱ्या अध्यायात परमेश्वर हाच शब्द वापरतो. ईयोबाचा नाश करण्यास आपणास ‘खिन्नाम’, म्हणजे विनाकारण, प्रवृत्त केले गेले, असे तो म्हणतो. दुःखाला पाप हे कारण नाही, हे वाचकाला आरंभापासून ठाऊक असते. ईयोबाला व त्याच्या मित्रांना ते ठाऊक नसते.

अलीफज, बिल्दद व सोफर हे मित्र त्याचे सांत्वन करण्यास येतात. येथे ‘नाखम’ हे क्रियापद येते. पुढे त्यांचे सांत्वन उपदेशाचे रूप घेते, आणि 16व्या अध्यायात ईयोब त्याच धातूचा आधार घेऊन त्यांना क्लेशदायक सांत्वनकर्ते म्हणतो. 22व्या अध्यायात अलीफज त्याला सर्वसमर्थाकडे ‘शूव’ करण्यास सांगतो, म्हणजे त्याची पुन्हा उभारणी होईल. ‘अनुवाद’मधील सूत्र येथे एका निरपराध व्यक्तीवर लादले जाते, आणि समूहाला आशा देणारे वचन आरोपपत्र बनते.

2. अध्याय 42, ओवी 6

वावटळीतून झालेल्या दैवी भाषणानंतर ईयोबाने दिलेल्या उत्तरातील ही ओवी कूट आहे. तिच्यातील ‘माअस’ (नाकारणे, तुच्छ लेखणे) या क्रियापदाला कर्म नाही. पुढील ‘नाखम’ या क्रियापदाचे खेद वाटणे, मन बदलणे आणि सांत्वन पावणे असे अर्थ होतात. ‘निर्गम’च्या 32व्या आणि ‘योना’च्या 3ऱ्या अध्यायात त्याचा कर्ता प्रत्यक्ष परमेश्वर असून तेथे योजिलेले अरिष्ट रद्द करणे हा अर्थ आहे. तेव्हा या शब्दात पापाची कबुली अपरिहार्यपणे येतेच असे नाही. ‘धूळ व राख’ ही जोडी ईयोबाचे शोकस्थान सुचविते, तशीच मानवाची मर्त्य अवस्थाही सुचविते. ‘उत्पत्ती’च्या 18व्या अध्यायात अब्राहाम स्वतःविषयी ती वापरतो.

प्राचीन भाषांतरांची साक्ष येथे महत्त्वाची आहे. ग्रीक सेप्टुअजिंटमध्ये ईयोब स्वतःस तुच्छ मानून विरघळतो व धूळराख समजतो. 1956 साली कुम्रान येथील 11व्या गुहेत सापडलेल्या अरामी भाषांतराचा आशयही याच्याशी मिळता आहे. या दोहोंत पश्चात्तापाचे क्रियापद नाही. जेरोमच्या लॅटिन व्हल्गेटमध्ये मात्र ईयोब प्रायश्चित्त करतो, आणि पाश्चात्त्य परंपरेत हा अर्थ रूढ झाला.

ईयोब काहीच मागे घेत नाही, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या आकलनापलीकडील गोष्टींविषयी आपण बोललो, हे तो त्याच अध्यायात मान्य करतो. पण ही ज्ञानाच्या मर्यादेची कबुली आहे; मित्रांना हवी असलेली अपराधाची कबुली तो शेवटपर्यंत देत नाही.

3. पुनःस्थापनेचे स्वरूप

लगेच पुढच्या ओवीत परमेश्वर मित्रांना दोषी ठरवितो आणि ईयोब यथार्थ बोलला असा निर्वाळा देतो. ईयोबाने पापाबद्दल पश्चात्ताप केला असे मानल्यास हा निर्वाळा अनाकलनीय होतो. ईयोब मित्रांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा त्याचे दिवस पालटतात. तेथे पुन्हा ‘शूव’ येते, पण कर्ता बदललेला असतो. अलीफजाने ईयोबाला परतण्यास सांगितले होते. प्रत्यक्षात परमेश्वर ईयोबाचे भाग्य परतवितो. बंदिवासातून सुटणाऱ्या राष्ट्रासाठी यिर्मया वापरतो तोच हा वाक्प्रयोग आहे.

7,000 मेंढरांची 14,000 होतात आणि 3,000 उंटांचे 6,000. ‘निर्गम’च्या 22व्या अध्यायातील नियमानुसार चोराने चोरलेले जिवंत जनावर दुप्पट करून भरून द्यावयाचे असते. ही दुप्पट भरपाई त्या नियमाची आठवण करून देते आणि बक्षिसाच्या कल्पनेला छेद देते. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात पुत्र व तीन कन्या. आणि मेलेली मुले परत येत नाहीत. मित्रांना न साधलेले सांत्वन अखेर आप्तजन करतात. परमेश्वराने आणलेल्या अरिष्टाबद्दल ते ईयोबाचे ‘नाखम’ करतात, असे निवेदक स्पष्टपणे म्हणतो. पुनःस्थापनेनंतरही ते अरिष्ट घडलेच नाही असे ग्रंथ भासवीत नाही.

समारोप

मराठीत ‘पश्चात्ताप’ या शब्दाच्या घटनेतच पूर्वी केलेले कृत्य गृहीत आहे. ‘नाखम’मध्ये तसे गृहीत नाही. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठीत आणण्याचे पंडिता रमाबाईंचे कार्य त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मूळ भाषेकडे जाण्याची ती निकड अशाच स्थळी जाणवते. ‘पश्चात्ताप’ हा शब्द योजला, की भाषांतर नकळत अलीफजाच्या बाजूने कौल देते. मूळ संहिता मात्र ईयोबाची श्रद्धा त्याच्या तक्रारीसकट यथार्थ मानते.