मिशनच्या पगारपत्रकाबाहेर

धर्मप्रसारकाचे चरित्र लिहिताना त्याने किती गावे पालथी घातली, किती प्रवचने केली आणि किती जणांना बाप्तिस्मा दिला, याचा ताळेबंद मांडण्याची जी रीत पडून गेली आहे, तिच्यापायी त्या माणसाचा स्वतःचा आत्मिक प्रवास हटकून नजरेआड होतो. आणि हा प्रवास व्यासपीठापेक्षा घरातल्या चुलीपाशी, पाहुण्यांच्या वर्दळीत आणि पगाराच्या तारखेलाच अधिक चाललेला असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्राकडे मी याच दृष्टीने पाहत आलो आहे.

1893 साली नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली, येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे वाचन अडले, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगरास त्यांचा मुक्काम पडला. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविणे, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकासाठी लिहिणे, कीर्तने करणे, असा त्यांचा दिनक्रम होता. पण या सेवेची खरी कसोटी लागली ती घरात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच होत्या. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने राहिल्या, आणि परतल्या तेव्हाही आपले सोवळे बरोबर घेऊनच परतल्या. जो मनुष्य चारचौघांत ख्रिस्ताचा महिमा गात होता, त्याला आपल्याच घरी पत्नीने शिवाशिव पाळून वेगळा स्वयंपाक करावा, हे सोसायचे होते, आणि ते मनापासून सोसायचे होते. लक्ष्मीबाईंचे मन पालटत गेले ते स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या गतीने. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. उतावळ्या स्वभावाच्या टिळकांना या प्रतीक्षेने जे शिकविले, ते कोणत्याही धर्मशास्त्राच्या वर्गात शिकायला मिळाले नसते, असे मला वाटते.

त्या घराचा हिशेब कधी जुळला नाही. हातात आलेला पैसा गरजवंत समोर दिसला की टिळकांच्या हाती टिकत नसे, आणि दुष्काळाने पोरकी झालेली मुले घरी आणताना उद्याची बेगमी आहे की नाही, हे ते पाहत नसत. ते सारे लक्ष्मीबाईंना पाहावे लागे. पीठ किती, दाणे किती, ताटे किती, याची रोजची चिंता वाहणारी ही स्त्री प्लेगाच्या दिवसांत मिशनच्या मुलींची शुश्रूषा करायलाही उभी राहिली. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, घरच्या मुलासारखे वावरले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. धर्मप्रसार हीच ज्याची नेमणूक, त्याच्या छपराखाली एक प्रतिभावान तरुण कोणत्याही अटीवाचून प्रेम मिळवतो, ही गोष्ट मला टिळकांच्या सेवेतील सर्वांत मोठी मिळकत वाटते.

उपासनेतही त्यांनी असाच आपलेपणा आणला. परकीय चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर येत, पण काळजात उतरत नसत. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांना चर्चमध्ये हक्काची जागा मिळवून दिली; तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, ही कबुली ते अभिमानाने देत. ‘उपासना संगीत’मधील त्यांची गीते महाराष्ट्रातल्या चर्चमधून आजही गाइली जातात.

त्यांच्या आयुष्यातले दुसरे धर्मांतर मात्र फारसे कोणी सांगत नाही. परदेशी मिशनरी मायबापाच्या भूमिकेत राहिल्याने एतद्देशीय मंडळी आपल्या पायांवर उभी राहत नाही, ही खंत त्यांनी उघड बोलून दाखविली होती. पण खंत बोलून दाखविणे निराळे, आणि वीस-बावीस वर्षांच्या चाकरीनंतर, पंचावन्नाच्या घरात, संसार पाठीशी असताना महिन्याच्या महिन्याला येणारे वेतन सोडणे निराळे. 1917 साली त्यांनी ते सोडले आणि साताऱ्यास संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता यावे अशी योजना होती. पहिल्या धर्मांतरात त्यांनी जात आणि गोत सोडले होते. या वेळी सोडला तो आधार. मला तर ही पायरी पहिलीपेक्षा अवघड दिसते, कारण तिच्यामागे तारुण्याचा आवेश नव्हता.

दरबाराला पुरते रूप येण्याआधीच, 9 मे 1919 रोजी मुंबईस टिळकांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांशीच थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि पतीकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले आणि त्याचे 64 अध्याय लिहिले. 1936 साली त्याही गेल्या. उरलेला शेवटचा, 76 वा अध्याय त्यांचा मुलगा देवदत्त याने लिहून पुरा केला.